आप्पांनी फुंकलेलं कापड

आमचे आप्पा इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. त्यांच्या अंगाला कायम तेलाचा वास आणि केसांत सुताची धूळ. त्या खडखडाटातून सुटायचे म्हणून मी सिव्हिल इंजिनिअरिंगला गेलो. कापडाशी आपला संबंध संपला, असे तेव्हा वाटले होते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिरोळ तालुक्यात काळ्या मातीवरचा रस्ता करत होतो. खडीआधी मातीवर कापड अंथरायचे होते. "रस्त्याखाली चादर कशाला?" म्हणून मी हसलो. शेवटी थोडे कापड कमी पडले, तेव्हा रस्त्याचा तेवढा तुकडा तसाच पुढे रेटला. पावसाळा सरला, उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या आणि नेमका तोच तुकडा खचला. उकरून पाहिले तर खडी चिखलात रुतलेली, चिखल खडीत वर आलेला. शेजारी, कापडाखाली माती आणि वर खडी, दोन्ही आपापल्या जागी होती. हे कापड, म्हणजे जिओटेक्स्टाइल, दोन थर वेगळे ठेवते, हे पुस्तकात वाचले होते. पटले मात्र त्या खड्ड्यात उभे राहिल्यावर.

मग त्याच कापडाचा उत्साह चढला. गगनबावड्याकडे एका संरक्षक भिंतीमागे निचऱ्यासाठी मी सर्वांत मजबूत, प्लास्टिकच्या पट्ट्यांचे घट्ट विणलेले कापड निवडले. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला पोट आले. वरून पाऊस कोसळत होता आणि भिंतीत पाण्यासाठी ठेवलेली भोके कोरडी होती.

कापडाचा तुकडा घेऊन घरी आलो. "एकाची भिंत फुगलीया," म्हणालो. 'माझी' म्हणायचा धीर झाला नाही. आप्पांनी तुकडा बोटांत चोळला, तोंडाला लावून फुंकला. "वारा जाईना यातनं, पाणी कुठनं जाणार? हे ओढ सोसायला चांगलं, गाळायला न्हवं. चक्का बांधायला तुझी आई पोतं घेती व्हय?"

इतकी वर्षे शिकून मला हे कळले नव्हते. मऊ जमिनीवरच्या भरावाला विणलेल्या कापडाचे बळ लागते. निचऱ्याला सुयांनी टोचून तंतू गुंतवलेले, घोंगडीसारखे न विणलेले कापड बरे. त्याची छिद्रे मातीच्या कणांशी जुळावी लागतात. मोठी असली तर माती वाहून जाते, फार बारीक असली तर गाळाने बुजतात. भिंतीमागे उकरून आम्ही तसे कापड घातले आणि भोकांतून पाणी आले.

पुढे एकदा आप्पांना सांगितले, की अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात १९२६ मध्ये रस्त्यात सुती कापड घालून पाहिले होते. "कुजलं असंल," ते म्हणाले. आता पॉलिप्रोपिलीन वापरतात, ते मातीत कुजत नाही, असे मी ऐटीत सांगितले. त्यांनी विचारले, "आणि उन्हात?" माझ्या साइटवर तेव्हा रोल महिनाभर उघडे पडले होते. उन्हाने पॉलिप्रोपिलीनचा कस जातो. त्या दिवशीच ते झाकून घेतले.

इचलकरंजीच्या डीकेटीई या वस्त्रतंत्र संस्थेत आता न विणलेल्या कापडांचे उत्कृष्टता केंद्र आहे. कापडाची चाचणी प्रयोगशाळेतच व्हायला हवी आणि मी ती करवून घेतो. तरी साइटवर रोल उतरला की एक कोपरा तोंडाला लावून फुंकतो. पोरं हसतात, मी हसू देतो.

भिंतीच्या कापडाचा तुकडा दाखवला त्या रात्री जेवून उठताना आप्पा म्हणाले होते, "त्या माणसाला सांग, पुढच्या बारीला आधी मला दाखव म्हणावं." त्यांनी ओळखले होते. ते असेपर्यंत मी कधी कबूल केले नाही. आप्पा, ती भिंत माझी होती.