बर्फावरचा कित्ता

व्हिएन्नाचें नांव काढिलें कीं आपल्याकडील वाचकांस प्रथम संगीत आठवतें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच शहरानें आणखी एक विद्या दीडशें वर्षांहून अधिक काळ जिव्हाळ्यानें जोपासली आहे. पायांत पोलादी पातीं बांधून गोठलेल्या पाण्यावर रेखीव आकृति काढणें, ही ती विद्या. तीस फिगर स्केटिंग म्हणतात. गेल्या हिंवाळ्यांत तिकडे जाण्याचा योग आला, तेव्हां राजवाडे व चित्रशाळा यांच्या वेळांतून दोन सकाळी काढून आम्हीं त्या हिच्यासाठीं राखून ठेविल्या.

शहराच्या मध्यभागीं, कोन्झेर्टहाउस या प्रसिद्ध संगीतगृहाच्या अगदीं शेजारीं, उघड्या आकाशाखालीं बर्फाचें एक विस्तीर्ण पटांगण आहे. १८६७ सालीं स्थापन झालेल्या स्केटिंग-मंडळीचें हें स्थान. त्याच सुमारास जॅक्सन हेन्स नांवाच्या अमेरिकन नर्तकानें या शहरीं येऊन संगीताच्या तालावर बर्फावर नृत्य करून दाखविलें, आणि ताठ, अवघडलेल्या पद्धतीस सरावलेलीं माणसें थक्क झालीं. परंतु येथील मंडळी नुसती वाहवा करून थांबली नाहीं. तिनें या कलेचा शास्त्र म्हणून अभ्यास केला व १८८१ सालीं ‘बर्फावरील खुणा’ अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या नांवांतच सारें मर्म आलें. पुढें १९०९ सालीं एदुआर्द एंगेलमान या व्हिएन्नाच्याच इंजिनियरानें उघड्या जागीं यंत्राच्या साहाय्यानें बर्फ गोठविला, आणि हा खेळ थंडीच्या मर्जीवर अवलंबून राहिनासा झाला.

आतां या विद्येचें मूळ पाहूं. स्केटचें पातें सुमारें चार मिलिमीटर रुंद असतें व त्याचा तळ पन्हळीसारखा खोलगट घांसलेला असतो. त्यामुळें एकाच पात्यास दोन धारा येतात, आंतली व बाहेरची. दोन्ही धारा एकदम टेकल्या तर पाऊल सरळ जातें, पण त्यास कांहीं आधार राहत नाहीं. अंग किंचित् एका बाजूस कललें कीं एकच धार बर्फांत रुतते आणि पाऊल आपोआप वर्तुळाच्या मार्गास लागतें. दोन पाय, दोन धारा, पुढें जाणें व मागें जाणें, असा हिशेब केला म्हणजे आठ प्रकार होतात. सर्व डौल, सर्व उड्या, सर्व गिरक्या या आठांतून निघतात.

सकाळीं गर्दी होण्यापूर्वीं एका कोपऱ्यांत एक वयस्क शिक्षिका बारा-तेरा वर्षांच्या मुलीस वळणें शिकवीत होत्या. आमचे यजमान मूळचे पुण्याचे असून कित्येक वर्षें तेथेंच राहिलेले. त्यांनीं जर्मन बोलणें आम्हांस उलगडून सांगितलें. पहिलें वळण तें ‘थ्री’. बाहेरच्या धारेवर पुढें जात असतां त्याच पावलावर गर्रकन् वळावयाचें व आंतल्या धारेवर मागें जावयाचें. वर्तुळ मात्र तेंच. बर्फावर जी खूण उमटते ती थेट आपल्या ३ च्या आंकड्यासारखी. ‘ब्रॅकेट’मध्यें अंग उलट्या बाजूस फिरतें व टोंक वर्तुळाच्या बाहेर येतें. ‘रॉकर’ व ‘काउंटर’ यांत धार बदलत नाहीं, वर्तुळच बदलतें. म्हणून तीं अधिक कठीण.

शिक्षिकाबाईंचें सांगणें थोडें, पण नेमकें होतें. वळणाआधीं गुडघा लववावा, वळतांना अंग हलकें करावें, वळून होतांच गुडघा पुन्हां लववावा. आधीं खांदे फिरावेत, मग कंबर. आणि वळण पुरें होतांच खांदे तेथल्या तेथें आवरावेत, नाहीं तर अंग फिरतच राहतें व धार सुटते. पुढून मागें वळतांना भार पात्याच्या पुढील भागावर, मागून पुढें वळतांना टांचेकडे. धार बरोबर असली तर मृदु सळसळ ऐकूं येते, चुकली तर खरखर. मुलगी फिरत असतां बाई तिच्याकडे क्वचितच पाहत. त्या कानांनीं ऐकत, आणि ती थांबली म्हणजे वांकून रेघ तपासत.

एके काळीं मोठमोठ्या स्पर्धांतही असेंच होई. इंग्रजी आठच्या आंकड्यासारख्या आकृति, प्रत्येक वर्तुळ आपल्या उंचीच्या सुमारें तिप्पट व्यासाचें, पुन्हां पुन्हां त्याच रेघेवरून गिरवावयाच्या; आणि परीक्षक खालीं वांकून त्या पाहत. १९७२ सालीं साप्पोरो येथें व्हिएन्नाच्याच बिआट्रिक्स शूबा यांनीं ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलें तें या कित्त्याच्या बळावर. मुक्त नृत्यांत त्या सातव्या आल्या होत्या. दूरचित्रवाणीवर केवळ नृत्य पाहणाऱ्यांस हा निकाल उमगेना. पुढें कित्त्याचे गुण कमी होत गेले, आणि १९९० च्या जागतिक स्पर्धेनंतर तो जागतिक स्पर्धा व ऑलिंपिक यांतून अजिबात गेला.

त्या मुलीनेंही नेमकें हेंच विचारिलें. ज्यास गुण नाहींत, तें रोज अर्धा तास कां गिरवावयाचें? बाईंनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं तिला ‘लुट्झ’ नांवाची उडी मारावयास सांगितली. आलोइस लुट्झ या ऑस्ट्रियन तरुणानें ती १९१३ सालीं प्रथम केली असें मानितात. हींत मागें जातांना बाहेरच्या धारेवर राहून, वर्तुळाच्या उलट दिशेस गिरकी घ्यावी लागते. कच्चें पाऊल उडण्याच्या अगदीं आधीं आंतल्या धारेवर घसरतें, आणि उडी डोळ्यांस सुंदर दिसली तरी परीक्षक गुण कापतात. मुलगी उडाली, सुरेख उतरली. बाईंनीं तिला परत नेऊन उडीच्या आधींची रेघ दाखविली. शेवटच्या वीतभर अंतरांत ती दुसऱ्या बाजूस वळली होती. मुलगी क्षणभर पाहत राहिली व न सांगतां कोपऱ्यांत जाऊन पुन्हां वर्तुळ गिरवूं लागली.

आपल्या घरोघरींही हाच प्रश्न आज मुलें विचारतात. अक्षर घोटण्यास, पाढे म्हणण्यास, गळ्यावर षड्ज ठरविण्यास गुण किती? वडील माणसांस उत्तर सुचत नाहीं, कारण खरोखरच गुण नसतात. परंतु परीक्षा रद्द झाली म्हणून गरज रद्द होत नाहीं. ती पुढच्या कठीण उडीच्या आधीं, त्या वीतभर रेघेंत, लपून बसलेली असते. मुलांस ती रेघ दाखवितां आली पाहिजे. उपदेशापेक्षां तिचा उपयोग अधिक, हें आम्हीं त्या थंड सकाळीं प्रत्यक्ष पाहिलें.