पायरी

वकिलीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. त्याच्यापुढे काहीही ठेवा, खरेदीखत असो, छायाचित्र असो की लग्नाची निमंत्रणपत्रिका असो. त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय गाळले आहे याकडेच त्याची नजर आधी जाते. ही खोड संसारात फारशी उपयोगाची नाही, हे माझ्या घरची मंडळी शपथेवर सांगतील. तथापि गेल्या चैत्रात तिचा एकदा उपयोग झाला, आणि तो असा झाला की तेव्हापासून मी स्वतःकडेही थोड्या संशयाने पाहू लागलो आहे.

आमच्या देवस्थानच्या समितीचे अध्यक्ष एका सायंकाळी दोन महाजनांसह घरी आले. चहा झाला, पावसाच्या अंदाजाची चर्चा झाली, आणि मग अध्यक्षांनी खिशातून फोन काढून माझ्या हाती दिला. "वकीलबाब, हें बरें न्हय," एवढेच ते म्हणाले. कॉलेजातल्या मुलांनी एका प्रेमकथेचा ट्रेलर तयार केला होता. त्यात आमची तळी होती, तळीच्या पायऱ्या होत्या, दीपस्तंभ होता. आणि अध्यक्षांच्या मते देवस्थानची बदनामीही होती. मुलांना नोटीस धाडावी, तिचा मसुदा मी करावा, असा त्यांचा मानस होता. मी तो ट्रेलर एकदा पाहिला. शेवटच्या नामावलीत दिग्दर्शिका म्हणून माझ्या सख्ख्या भाचीचे नाव होते. ते अध्यक्षांनी अर्थातच आधी वाचले होते. म्हणूनच तर ते दुसऱ्या वकिलाकडे न जाता माझ्याकडे आले होते. घरचे भांडण घरातच मिटावे, ही गोव्यातील जुनी रीत आहे.

दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि रात्री जेवण आटोपल्यावर तो पावणेदोन मिनिटांचा ऐवज मी पुन्हा पुन्हा पाहिला. एखादा करारनामा कलमवार वाचावा तसा.

ट्रेलर या शब्दाचा मूळ अर्थ मागून ओढला जाणारा असा आहे. आरंभीच्या काळी अशा जाहिराती मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवीत. पुढे त्या आधी येऊ लागल्या, पण नाव मागचेच राहिले. आपल्या रंगभूमीला ही कल्पना परकी नाही. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार आणि नटी येतात, नाटकाचे नाव सांगतात, आणि ती गाणे म्हणते. त्या गाण्याने भान हरपलेला सूत्रधार हरिणामागे धावणाऱ्या दुष्यंताची उपमा देऊन निघून जातो. नाटकात पुढे विसरण्याचेच संकट येणार आहे, हे कालिदासाने प्रस्तावनेतच सुचवून ठेवले आहे. चांगली झलक कथा सांगत नाही, पण कथेचा स्वभाव सांगते.

मुलांच्या या कथेचे नाव 'पायरी'. नाव वाचून प्रथम मला हसू आले, कारण आमच्याकडे वैशाखात पायरी म्हटले की आंबाच आठवतो. पण मराठीत हा शब्द साधा नाही. देवळाची पायरी असते, तशी माणसाचीही असते, आणि ती ओळखून वागावे असे वडीलधारे सांगत आले आहेत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण तर आमच्याच पोटावर पाय देणारी आहे.

हे शीर्षक पडद्यावर ज्या रीतीने येते, तिथे मी पहिल्यांदा थांबलो. चित्रपटाची शीर्षके हा स्वतंत्र कलाप्रकार आहे. 1959 साली आलेल्या 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' या खटल्यावरील चित्रपटासाठी सॉल बास या रेखाटनकाराने कागदातून कापल्यासारखी एक मनुष्याकृती केली आणि तिचे अवयव सुटे सुटे मांडले. पुरावा तुकड्यातुकड्यांनीच हाती येतो, हे कोणत्याही वकिलाला पटेल. त्याच्या आधी 1955 साली सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'ची नामावली खरबरीत कागदावर हाताने लिहिलेल्या बंगाली अक्षरांत दिली. ते जाहिरातसंस्थेत चित्रकार होते. अक्षराचे वळणही कथा सांगते हे त्यांना ठाऊक होते.

माझ्या भाचीने यातले काय पाहिले होते ते ठाऊक नाही, पण तिने देवनागरीची एक गोष्ट बरोबर हेरली होती. आपण अक्षरे आधी लिहितो आणि शिरोरेषा मागाहून ओढतो. रेषा येईपर्यंत अक्षरे शेजारी उभी असतात, पण त्यांचा शब्द होत नाही. ट्रेलरमध्ये काळ्या फळ्यावर खडूने तीन अक्षरे उमटतात. मग डावीकडून रेषा निघते, 'पा'वरून जाते, 'य'वरून जाते, आणि थांबते. 'री' एकटी बाहेर राहते. क्षणभर फळ्यावर केवळ 'पाय' हा शब्द दिसतो.

आणि मग ध्यानात येते की आरंभापासून आपण पायच पाहत आहोत. पहिले दृश्य तब्बल सात सेकंदांचे आहे. ट्रेलरच्या हिशेबात ती मोठीच चैन म्हणावी लागेल. कॅमेरा तळीच्या पायरीवर जमिनीलगत ठेवलेला. दोन पावले वरून उतरतात, दोन पावले पाण्यातून वर चढतात, आणि मधल्या पायरीवर ओले ठसे तेवढे उरतात. चेहरे जवळजवळ अर्ध्या मिनिटापर्यंत दिसत नाहीत. पुढे वर्ग येतो, कदंबाची बस येते. बसमध्ये तो मागच्या दाराशी उभा, ती पुढच्या खिडकीशी. मध्ये माणसांची दाटी. दोघे एका चौकटीत कधीच येत नाहीत. एकदाच येतात ते तळीच्या पाण्यात, दीपस्तंभाच्या दिव्यांच्या प्रतिबिंबासह. आणि तेवढ्यात कोणीतरी कळशी बुडवते आणि चित्र मोडते. मुलगी महाजनांच्या घरची, मुलगा देवळात सनई वाजवणाऱ्याचा, हे एकाही संवादात सांगितलेले नाही. आपण ते चौकटीवरून समजतो.

आता अध्यक्षांची तक्रार ज्या दृश्यावर होती त्याकडे येतो. ते तीन सेकंदांचे आहे. मागे काळोख. खालून एक ओंजळ पुढे होते. वरून एक हात येतो, ओंजळीपाशी येताच वीतभर वर उचलला जातो, आणि तेवढ्या उंचीवरून प्रसाद खाली पडतो. कॅमेरा ओंजळीच्या बाजूने, खालून वर पाहतो. त्याला जोडूनच पुढचे दृश्य वर्गातले: प्राध्यापकांनी काही विचारले आहे आणि मुलीने उत्तर देण्यासाठी हात वर केला आहे. तीच उंची, तोच कोन. वर गेलेला एक हात आणि वर गेलेला दुसरा हात.

रशियातील लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोग केला होता. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने आळीपाळीने सूप, शवपेटी आणि स्त्री यांच्या चित्रांना जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्यात भूक, शोक आणि अभिलाषा दिसली. अर्थ चित्रात नसतो, तो दोन चित्रांच्या शेजारात असतो. आम्ही न्यायालयात दुसरे काय करतो? साक्षीदार तेच, कागद तेच. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी ठेवायचा, यावर अर्धा निकाल असतो.

दुसऱ्या दिवशी भाचीला बोलावले. तिने सोबत कागदांची चळत आणली, यावरून तिच्यात मामाचे थोडे रक्त उतरले आहे असे वाटले. तळीपाशी चित्रीकरण करण्याची समितीची लेखी परवानगी त्यात होती. गर्भकुडीचे चित्रण करू नये ही अट त्या परवानगीत मीच सुचवून घातली होती, आणि मुलांनी ती काटेकोरपणे पाळली होती.

"आणि ते प्रसादाचे दृश्य? ते चौकात घेतले काय?" मी विचारले.

"नाही, मामा. ते देवळात घेतलेच नाही. आमच्या घरामागे, तुळशीपाशी घेतले. हात आमच्या वर्गातल्या एका मुलाचा आहे. तुम्ही तरी सांगा, त्यात देऊळ कुठे दिसते?"

मी पुन्हा पाहिले. देऊळ कोठेच नव्हते. खांब नाही, घंटा नाही, समई नाही. एक हात, एक ओंजळ आणि काळोख. एवढ्यावरून अध्यक्षांनी आपले देऊळ ओळखले होते. दोन्ही महाजनांनी ओळखले होते. आणि खरे सांगायचे तर पहिल्याच वेळी मीही ओळखले होते.

वाचकांनी मला येथे थोडे मागे जाऊ द्यावे. मी चौदा वर्षांचा होतो. उत्सवात पालखी आत गेल्यावर पंचखाद्य वाटण्याचे काम त्या वर्षी मजकडे आले होते, आणि नव्या पंचाच्या ऐटीत मी ते करीत होतो. रांगेत आमच्या वर्गातली एक मुलगी आली. तिचे वडील नगारखान्यात चौघडा वाजवीत. गणितात ती माझ्यापुढे असे. तिच्याच वहीवरून मी प्रमेये उतरून घेत असे, आणि त्या वहीचे अक्षर मला विनाकारण आवडत असे. तिची ओंजळ पुढे झाली आणि माझा हात वर गेला. कोणी सांगितले नव्हते. माझ्यामागे उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांचे हात तसे जाताना मी पाहिले होते, एवढेच. प्रसाद वरून पडला, त्यातले खोबरे ओंजळीबाहेर सांडले. तिने ते वाकून उचलले, कपाळाला लावले आणि एकदाच माझ्याकडे पाहिले. त्यानंतर तिने वही दिली नाही, आणि मी मागितली नाही.

पुढे मी कायदा शिकलो. संविधानाचा सतरावा अनुच्छेद मुखोद्गत केला, त्यावर एका स्पर्धेत भाषणही ठोकले. परंतु तो क्षण मी नेहमी माझ्या बाजूने, म्हणजे वरून, पाहत आलो होतो. वरून पाहिले की प्रसाद देणारा हात दिसतो. कॅमेरा खाली ठेवला की वर उचललेला हात दिसतो. तीस वर्षांत मला जे सुचले नाही ते एकवीस वर्षांच्या मुलीने तिपाई दोन फूट खाली घेऊन दाखवले. आणि तिला यातले काही ठाऊकही नाही.

"पुढे काय होते? शेवट कसा आहे?" मी भाचीला विचारले.

ती हसली. "शेवट नाहीच, मामा. परीक्षेसाठी ट्रेलरच करायचा होता. सिनेमा लिहिलेलाच नाही."

कायद्याच्या दृष्टीने यात तिची काही चूक नाही. 2016 साली आलेल्या 'फॅन' या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत एक गाणे होते, ते प्रत्यक्ष चित्रपटात नव्हते. एका शिक्षिकेने ग्राहक म्हणून दाद मागितली. राज्य आयोगाने तिला दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार खर्च देवविला, राष्ट्रीय आयोगानेही तो आदेश कायम केला. परंतु एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ट्रेलर हा प्रस्तावही नव्हे आणि वचनही नव्हे. त्यातून करार जन्मत नाही, असा तो निर्णय आहे. वकील म्हणून मला तो मान्य आहे. तरीही त्या रात्री मला वाटत राहिले की फळ्यावरची ती अर्धी शिरोरेषा हे काही वचन नसेल, पण कोणाच्या तरी नावावरचे देणे खास आहे.

समितीची सभा रविवारी अग्रशाळेत भरली. अध्यक्षांनी विषय काढला आणि मजकडे पाहिले. मी उभा राहिलो. परवानगीचा कागद वाचून दाखवला, अट पाळली गेली हे सांगितले, आणि ज्या दृश्याबद्दल तक्रार आहे ते आपल्या आवारात घेतलेलेच नाही हेही सांगितले. मग म्हणालो, "नोटीस काढायची की नाही ते समितीने ठरवावे. मात्र या कामात मला वकील म्हणून राहता येणार नाही."

"भाची आहे म्हणून?" एका महाजनांनी विचारले.

"ते एक कारण झाले. दुसरे असे की ज्या प्रकरणात वकिलाला साक्ष द्यावी लागण्याचा संभव आहे, त्यात त्याने वकीलपत्र घेऊ नये असा आमच्या धंद्याचा नियम आहे. या प्रकरणात मी साक्षीदार आहे."

कोणी काही विचारले नाही. विचारले असते तर सांगण्याची माझी तयारी होती, असे मी आज म्हणतो. त्या वेळी ती होती की नाही, देव जाणे. अध्यक्ष काही वेळ आपल्या हाताकडे पाहत होते. मग त्यांनी कार्यक्रमपत्रिकेवरचा पुढचा विषय घेतला. तो तळीचा गाळ काढण्याचा होता, आणि त्यावर मात्र तासभर वाद झाला.

भाचीने आता तो सिनेमा खरोखरच लिहायला घेतला आहे. परवा तिचा फोन आला होता. "मामा, शेवटी ती रेषा 'री'पर्यंत नेऊ का?" तिने विचारले. मी म्हटले, तुझ्या कथेचा निर्णय तुझा. पण फोन खाली ठेवल्यावर मी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला, त्यावर तीन अक्षरे लिहिली, आणि किती तरी वेळ पेन हातात धरून बसलो.