बक्षीस निवडावे जबलपूरचे

जबलपूर हे तोफांचे गाव. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. २०१९ मध्ये सैन्याला मिळालेली ‘धनुष’ तोफ येथलीच. अशा गावात निधीसाठी नेमबाजीचा सामना भरवला, तर पहिले बक्षीस बंदूकच असावे, असे कोणालाही वाटेल. पण परवान्याशिवाय ती घरी नेता येत नाही आणि सामना एखादी शाळकरी मुलगीही जिंकू शकते.

पूर्वी शिकाऱ्यांच्या दिवाणखान्यात वाघाचे कातडे, बारशिंग्याचे मुंडके शोभे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या खरेदी-विक्रीला पायबंद घातला, हे बरेच झाले. १९७० मध्ये कान्हाच्या जंगलात अवघे ६६ बारशिंगे उरले होते.

मग द्यावे काय? भेडाघाट शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. तेथे धुवांधार धबधबा पाहावा, नर्मदेच्या संगमरवरी कड्यांमधून नावेने फिरावे आणि दुकानांतून एखादी कोरीव दगडी मूर्ती दुसऱ्या क्रमांकासाठी घ्यावी. पहिल्या क्रमांकाला मात्र कान्हाची सहकुटुंब सहल द्यावी. फक्त पावसाळा टाळावा, कारण तेव्हा उद्यान बंद असते. तेथे आता बारशिंगे शेकड्यांनी आहेत. विजेत्या मुलीने त्यांच्यावर नेम धरावा, पण दुर्बिणीतून!