डिस्क चांगली की फाइल?

"डीव्हीडीवर पिक्चर चांगला दिसतो की हार्ड डिस्कवरच्या फाइलमध्ये?" हा प्रश्न आता कोण विचारतं, असं तुम्हाला वाटेल. खरंय. नवीन लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. पण तुमच्या आईबाबांच्या घरी जा आणि टीव्हीखालचं कपाट उघडा. आमच्या नागपूरच्या घरी उघडलं तर मोजून १३७ डिस्क निघाल्या. घराला रंग काढायचाय, म्हणून आई म्हणते सगळं भंगारात द्या. बाबा म्हणतात एकही टाकायची नाही. आणि मी घरातला 'कॉम्प्युटरवाला', त्यामुळे निकाल माझ्याकडे आला.

इतक्या डिस्क आल्या कुठून? तर २००७ पासून. त्या वर्षी मोझर बेअर ही कोऱ्या सीडी बनवणारी कंपनी सिनेमाच्या धंद्यात उतरली आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला लागली. त्याआधी ओरिजिनल डिस्क म्हणजे शेकड्यात किंमत. बाबा दर महिन्याला बर्डीवर चक्कर मारायचे आणि पिशवीत भाजीसोबत दोन-चार सिनेमे यायचे. पुढे लोक नेटवर गेले, आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. कपाट मात्र भरून राहिलं.

माझा एक मित्र आहे, त्याचं मत ठाम. "भाऊ, डिस्क कायले ठेवतो बे? माझी फाइल तुझ्या डीव्हीडीपेक्षा झकास दिसते." गंमत म्हणजे त्याच्या घरी खरंच तसं दिसतं. आता डीव्हीडीवरून काढलेली फाइल डीव्हीडीपेक्षा चांगली कशी असेल? झेरॉक्स कधी मूळ कागदापेक्षा स्पष्ट निघते का?

उत्तर वायरमध्ये आहे. त्याचा जुना प्लेअर टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडलेला. त्यातल्या एका पिवळ्या वायरीतून अख्खं चित्र जातं, रंग आणि उजेड एकत्र कालवून. टीव्ही ते पुन्हा वेगळं करतो, आणि त्यात कडा पुसट होतात, लाल रंग बाहेर सांडतो. फाइल मात्र लॅपटॉपवरून एचडीएमआयने जाते, सरळ आकड्यांच्या रूपात. तीच डीव्हीडी लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह लावून चालवली आणि मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणजे त्याची तुलना डिस्क विरुद्ध फाइल नव्हतीच. ती दोन वायरींची होती.

आता थोडं गणित. घाबरू नका, भागाकारच आहे.

अडीच तासांचा सिनेमा धरा, म्हणजे ९००० सेकंद. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. भागाकार केला तर एका सेकंदाला साधारण ४१०० किलोबिट वाट्याला येतात. आता आपल्या कॉलेजच्या हॉस्टेलांत फिरणारी ती प्रसिद्ध ७०० एमबीची फाइल घ्या. ७०० एमबीच का? कारण ती एका सीडीत बसायची. तिथे सेकंदाला मिळतात ६५० किलोबिट, त्यातले आवाजाचे १२८ वजा केले तर चित्राला उरले सव्वापाचशेच्या आसपास. मूळच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात संसार!

तरीही ती फाइल सातपट वाईट दिसत नाही. डीव्हीडी एमपेग-२ वापरते, ते १९९० च्या दशकातलं तंत्र. डिव्हएक्स, एक्सव्हिड आणि नंतरचं एच.२६४ हे तेच चित्र कमी बिटांत बसवतात. म्हणून तर ७०० एमबीची बऱ्यापैकी केलेली फाइल व्हीसीडीला सहज मागे टाकते, व्हीसीडीला चित्रासाठी सेकंदाला ११५० किलोबिट मिळत असूनसुद्धा. व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८, आपल्याकडच्या डीव्हीडीचं ७२० बाय ५७६.

पण या बचतीची एक किंमत असते आणि ती ठरावीक जागी वसूल होते. दोन माणसं सोफ्यावर बसून बोलतायत, कॅमेरा हलत नाही, अशा दृश्यात सव्वापाचशे किलोबिट पुरतात, कारण मागची भिंत दर फ्रेमला पुन्हा पाठवावी लागत नाही. पाऊस आला, गुलाल उधळला, जत्रेतली गर्दी आली की संपलं. प्रत्येक थेंब वेगळ्या दिशेला जातो, मागच्या फ्रेममधून उचलायला काही उरत नाही, आणि चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. तेव्हा फाइल तपासायची असेल तर नायक-नायिकेचा क्लोजअप बघू नका. पावसाचं गाणं लावा.

आता दुसरी बाजू, कारण डिस्क म्हणजे शुद्ध तूप असंही नाही. 'एका डीव्हीडीत तीन सिनेमे' आठवतात? तीच जागा तिघांत वाटली की प्रत्येकाच्या पानात काय पडणार? शिवाय सिनेमा पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेमने चालतो आणि पाल डीव्हीडीवर तो बहुतेक वेळा २५ ने चालवतात. म्हणजे १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत उरकतो. आवाज वेगळा दुरुस्त केला नाही तर गाण्याची पट्टीही चढते, हार्मोनियमवर जवळजवळ शेजारच्या पट्टीपर्यंत. तुमच्या बहिणीला गाण्याचा कान असेल आणि ती म्हणाली की डीव्हीडीतलं गाणं रेडिओपेक्षा वरच्या सुरात आहे, तर तिला वेड्यात काढू नका.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: डिस्कसुद्धा कशाची तरी नक्कलच आहे. ३५ मिमीच्या फिल्ममध्ये डीव्हीडीपेक्षा कितीतरी जास्त बारकावा असतो. १९७६ चा 'मंथन' फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त करून २०२४ मध्ये ४के मध्ये आणला, कान महोत्सवात दाखवला. ते जमलं कारण मूळ निगेटिव्ह जपलेली होती. उलट नेटवर जुन्या मराठी सिनेमांवर 'फुल एचडी', '४के' असे शिक्के दिसतात, त्यातले बरेच डीव्हीडीच ताणून मोठे केलेले असतात. ४के पडद्यावर डीव्हीडीच्या बरोबर वीसपट ठिपके लागतात. एक ठिपका खरा, बाकीचे एकोणीस सॉफ्टवेअरचा अंदाज! त्यातून कुणी पडदा भरावा म्हणून जुना चौकोनी सिनेमा वरून-खालून कापला तर माणसांची डोकीच गायब होतात. तो सिनेमा आमच्या ३४ रुपयांच्या डिस्कवर पूर्ण आहे.

इथपर्यंत आलो आणि वाटलं, निकाल सोपा आहे. डिस्कवरचे बिट जसेच्या तसे, पुन्हा न दाबता, हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचे. याला रिमक्स म्हणतात. चित्रात शून्य फरक, कारण ती नक्कल नव्हे, तेच आकडे आहेत. १ टीबीत अशा दोनशेच्या वर डीव्हीडी मावतात. मग डिस्क गेल्या तरी हरकत नाही. (स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची घरातल्या घरात ठेवायची प्रत वेगळी आणि तीच फाइल जगाला वाटणं वेगळं, हे सुज्ञांस सांगायला नको.)

मग कपाटाच्या तळाशी ती डिस्क निघाली. वर मार्करने लिहिलेलं: 'मामा लग्न, २००८, अमरावती'.

मी तेव्हा शाळेत होतो. त्या लग्नात आजोबांनी स्वतः मंगलाष्टकं म्हटली होती. तीन वर्षांनी ते गेले. त्या काळच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी जवळपास प्रत्येक दृश्यावर सिनेमाची गाणी चढवून ठेवलीयत, त्यामुळे आजोबा बोलताना ऐकू येतच नाहीत. फक्त मंगलाष्टकांच्या वेळी मूळ आवाज ठेवलाय. आमच्या घरात आजोबांचा आवाज एवढाच आहे. पाच मिनिटं. मूळ टेप विचारायला गेलो तर कळलं, तेव्हा टेप पुसून पुढच्या लग्नाला वापरायचे.

डिस्क लावली तर एक्केचाळिसाव्या मिनिटाला अडकली.

दुकानातल्या डिस्कवर खड्डे कारखान्यात ठशाने उमटवलेले असतात. घरी किंवा स्टुडिओत 'बर्न' केलेली डिस्क वेगळी, तिच्यात रंगाचा थर असतो आणि लेझरने तो जाळून खुणा केलेल्या असतात. उलटी करून पाहिलीत तर जांभळट दिसते. हा रंग उजेडाने आणि उष्णतेने हळूहळू विटतो. आता आपलं नागपूर बघा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि त्यावर उतारा म्हणून कूलरची दमट हवा. त्या कपाटासमोरच आमचा कूलर असतो. विकतच्या १३६ डिस्कपैकी बहुतेक अजून ठणठणीत आहेत. आजारी पडली ती नेमकी ही.

डीडीरेस्क्यू नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते आधी चांगला भाग उचलून घेतं, अडेल तिथे अडून न बसता पुढे जातं, आणि मग खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं. कुठे काय राहिलं याची नोंद ठेवतं, त्यामुळे एका ड्राइव्हने दाद दिली नाही तर डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तिथूनच पुढे चालू करता येतं. शुक्रवारी रात्री लावलं, रविवारी दुपारी थांबवलं. दोन ड्राइव्ह झाले. शेवटी ९६ किलोबाइट सापडले नाहीत ते नाहीतच. सिनेमाच्या भाषेत एक पंचमांश सेकंदसुद्धा नाही, पण एमपेगमध्ये फ्रेम एकमेकींवर अवलंबून असतात, म्हणून चित्र अर्धा सेकंद फुटतं. फुटतं ते बुफेच्या रांगेत. मंगलाष्टकं पूर्ण वाचली.

आता हीच पाच मिनिटं आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीपासून फिरत होती. मामेभावाने कधीतरी टाकलेली. सगळे म्हणत, "आहे की आपल्याकडे!" म्हणून दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिलं. शेवटच्या ओळीला सगळे अक्षता टाकतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, पावसाच्या गाण्यापेक्षा कठीण परीक्षा. व्हॉट्सअॅपच्या प्रतीत त्या क्षणी आजोबांच्या चेहऱ्याच्या जागी पिवळट चौकोन आहेत. डिस्कवरून उतरवलेल्या फाइलमध्ये दाणे दिसतात, त्यांच्यामागे आजोबा दिसतात, आणि ते डोळे पुसतायत हेही दिसतं. बाबांनी ते तीनदा मागे नेऊन बघितलं. कुणीच काही बोललं नाही.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठीला आग लागली आणि प्रभातच्या सिनेमांची मूळ रिळं त्यात जळाली. तरी १९३६ चा 'संत तुकाराम' आज आपण बघू शकतो, कारण लवकर न पेटणाऱ्या फिल्मवर त्याच्या प्रती काढलेल्या होत्या. मूळ वस्तू टिकत नाही. टिकते ती वेळेवर आणि नीट केलेली प्रत. यातला 'नीट' हा शब्द माझ्या मित्रासाठी, आणि 'वेळेवर' हा बाबांसाठी.

तर निकाल असा. विकतच्या डिस्कपैकी जे सिनेमे चांगल्या रूपात कुठेही मिळतात, त्या भंगारात. जे कुठे मिळत नाहीत किंवा कापून मिळतात, ते जसेच्या तसे फाइलमध्ये, आणि डिस्कही ठेवायची. मार्करने लिहिलेल्या सगळ्यांच्या न दाबलेल्या प्रती तीन ठिकाणी: माझ्याकडे, मामाकडे आणि क्लाउडवर. ग्रुपवर पाठवायला छोटी फाइल खुशाल बनवा, पण मोठीवरून बनवा आणि मोठी पुसू नका.

तुमच्या घरच्या कपाटातही अशी एखादी असेलच. मुंज, बारसं, साठी, शाळेचं गॅदरिंग. नातेवाईकांकडून एखादा जुना ड्राइव्ह मागून घ्या, या शनिवारी लावून बघा. सिनेमे राहू द्यात, ते थांबतील. जांभळ्या डिस्कपासून सुरुवात करा.