प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स

थर्ड इयरला आम्हाला मेंटेनन्सवर एक चॅप्टर होता. पेपरला हमखास येणारा. 'ब्रेकडाऊन मेंटेनन्स आणि प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स यांतील फरक स्पष्ट करा.' मशीन बंद पडल्यावर धावाधाव करायची तो ब्रेकडाऊन. बंद पडू नये म्हणून वेळच्या वेळी तेलपाणी करायचं तो प्रिव्हेंटिव्ह. आठ मार्कांचा प्रश्न. मी पट्टीने रेघा मारून, तक्ता करून सहा फरक लिहिले होते. पण हा फरक मला खरा कळला तो एका मंगळवारी दुपारी, एस.टी.च्या मागच्या सीटवर, पार्टनरच्या शेजारी बसून घड्याळाकडे बघताना.

पार्टनर म्हणजे माझा रूम पार्टनर. त्याचं नाव लिहीत नाही. गाव, ब्रँच, ब्लॉक काहीच लिहीत नाही. लेख छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखवला. दोन वाक्यं त्याने खोडायला लावली, ती खोडली. तेव्हा मित्रांनो, 'कोण असेल रे हा?' म्हणून शोधत बसू नका. लेख त्याच्यापेक्षा माझ्याबद्दल जास्त आहे.

आमच्या विंगमध्ये मी फेमस आहे नकलांसाठी. एचओडी सरांपासून मेसच्या मामांपर्यंत कुणालाही सोडत नाही. पण सगळ्यात जास्त फर्माईश असायची ती एकाच आयटमची. मान वेळावायची, टाळ्या वाजवायच्या, कंबर हलवत कॉरिडॉरमधून चालायचं. पोरं हसून हसून लोळायची. गॅदरिंगला तर साडी नेसून केलं होतं, वन्समोअर मिळाला होता. 'छक्का' हा शब्द आमच्या विंगमध्ये क्रिकेटसाठी कमी आणि माणसांसाठी जास्त वापरला जायचा. त्यात कुणाला काही लागतं असं कधी वाटलंच नाही. सगळे हसत होते ना! पार्टनरसुद्धा हसायचा.

त्या सोमवारी रात्री साडेअकराला लाइट बंद करून पडलो होतो. पार्टनर अंधारात म्हणाला, "जागा आहेस का? एक सांगायचंय. हसणार नाहीस ना?"

मग त्याने सांगितलं. त्याला मुली नाही, मुलगे आवडतात. आठवीपासून माहितीये. शनिवारी तो एका मुलाला भेटायला गेला होता. रात्री अकराच्या सुमारास त्यांचे संबंध आले. कंडोम वापरला होता, पण फाटला. नंतर तो मुलगा म्हणाला की त्याने एचआयव्हीची टेस्ट कधी केलेलीच नाही. रविवारभर पार्टनर मोबाइलवर वाचत होता. असा धोका झाल्यावर घ्यायच्या गोळ्या असतात, त्याला 'पेप' म्हणतात. पण पहिली गोळी बहात्तर तासांच्या आत पोटात जायला हवी, जितकी लवकर तितकी चांगली. त्यातले अठ्ठेचाळीस तास गेले होते.

मी ताडकन उठून बसलो. "अरे, मग कालच का नाही सांगितलंस?"

थोडा वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "सांगणार होतो. तू तेव्हा नक्कल करत होतास."

काय सांगू… आजवर व्हायवाला कितीतरी वेळा निरुत्तर झालोय. पण असा कधी झालो नव्हतो.

मंगळवारी सकाळी लेक्चर बुडवून आम्ही गावातल्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पार्टनरचं निम्मं बोलणं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "चांगल्या घरचा दिसतोस. असले नाद सोड. लग्न झालं की सगळं ठीक होतंय बघ." चिठ्ठीवर व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या! बाहेर बाकावर बसलेली माणसं आमच्याकडे बघत होती. साडेदहा वाजले होते. साडेबारा तास उरले होते.

पार्टनर म्हणाला, "जाऊ दे. चल रूमवर." मी म्हटलं, "जाऊ दे कसं?" मग पुण्यातल्या एका संस्थेचा नंबर शोधून त्याने फोन लावला. पलीकडच्या माणसाने एकही फालतू प्रश्न विचारला नाही. कधी झालं, कुठून निघताय, किती वाजता पोचाल, एवढंच. एका डॉक्टरांचा पत्ता दिला आणि म्हणाला, "मी कळवून ठेवतो, तुम्ही फक्त निघा." आम्ही मिळेल ती एस.टी. पकडली. चार तासांचा रस्ता, त्यात घाटात एक ट्रक आडवा. तेव्हा कळलं की ब्रेकडाऊन मेंटेनन्स म्हणजे काय असतं.

क्लिनिकमध्ये आमच्या शेजारी एक तृतीयपंथी ताई बसली होती. मी मान खाली घातली. ज्या टाळीची मी नक्कल करायचो, ते हात तिच्या मांडीवर शांत होते आणि त्यात फाइल होती. पार्टनरचा चेहरा बघून तीच म्हणाली, "पहिल्यांदा आलास का बाळा? घाबरू नको. हे डॉक्टर ओरडत नाहीत." नंतर बोलता बोलता कळलं, ती एका वेगळ्या गोळीची चौकशी करायला आली होती. ती हार्मोन्स घेत होती, आणि ही गोळी घेतली तर हार्मोन्सचा परिणाम कमी होईल का, ही तिची मोठी काळजी होती. दुसरी काळजी अशी की घरात डबी सापडली तर सगळे म्हणणार, हिला एड्स झालाय.

डॉक्टरांनी आधी पार्टनरची एचआयव्ही टेस्ट केली, कावीळ बी आणि किडनीसाठी रक्त घेतलं, आणि संध्याकाळी सहा वाजता पहिली गोळी समोरच घ्यायला लावली. सदुसष्ट तास झाले होते.

पुढे अठ्ठावीस दिवस रोज गोळ्या. पार्टनरने त्या बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीत भरून ठेवल्या. पहिला आठवडा मळमळ. मेसमध्ये ताट समोर घेऊन नुसता बसायचा. त्यातच सबमिशन. नंतर दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी आम्ही सिव्हिल हॉस्पिटलमधल्या आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात गेलो. तिथे टेस्ट फुकट होते आणि गुप्त राहते. समुपदेशक मॅडमनी रिपोर्ट हातात दिला. निगेटिव्ह! बाहेर येऊन आम्ही दोन कटिंग मारले आणि दोघंही काही बोललो नाही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण डॉक्टरांचं एक वाक्य डोक्यात राहिलं होतं. "दर वेळी एस.टी. पकडून पळत येणार का? आधीच घ्यायचीही गोळी असते."

ती गोळी म्हणजे 'प्रेप'. ताई जिची चौकशी करत होती तीच. पेप घटना घडून गेल्यावर, प्रेप घटना घडण्याआधी. झालं की नाही आमच्या चॅप्टरसारखं? टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं एका गोळीत असतात. एचआयव्हीचा विषाणू आपल्या पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएची डीएनएत नक्कल करतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. गोळीतलं औषध आधीच पेशीत हजर असलं तर ती नक्कल मध्येच अडते. विषाणू घुसतो, पण त्याला घर मिळत नाही. सांगितल्याप्रमाणे नियमित घेतली तर संबंधांतून होणाऱ्या एचआयव्हीचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होतो. मात्र गोळ्या चुकवल्या तर हे संरक्षण घसरतं.

अमेरिकेत याला जुलै २०१२ मध्ये मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जास्त धोका असलेल्या सर्वांसाठी शिफारस केली. आपल्याकडे नॅकोने २०२२ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे गोष्ट नवी नाही. आमच्या विंगमध्ये मात्र एकालाही हे नाव माहीत नव्हतं.

सुरू करण्याआधी एचआयव्हीची टेस्ट निगेटिव्ह हवी, कारण संसर्ग आधीच असेल तर हे औषध एकटं पुरत नाही. किडनी आणि कावीळ बी तपासतात. मग दर तीन महिन्यांनी टेस्ट. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून घ्यायची गोष्ट नाही. आणि कंडोमला सुट्टी नाही, कारण सिफिलिस, गनोरिया हे रोग ही गोळी थांबवत नाही. ताईच्या शंकेचं उत्तरही डॉक्टरांनी दिलं होतं. या गोळीने हार्मोन्सचा परिणाम कमी होत नाही, पण हार्मोन्स घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांनी ती रोज घ्यायची; संबंधांच्या आधी आणि नंतर मोजक्या गोळ्या घेण्याची जी पद्धत काही पुरुषांना चालते, ती त्यांच्यासाठी नाही.

आता कुणी म्हणेल, हे 'त्यांचं' दुखणं, आम्हाला काय त्याचं? आकडे बघा. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते सुमारे ३.३ टक्के आणि तृतीयपंथीयांमध्ये सुमारे ३.८ टक्के निघालं. म्हणजे पंधरा-वीस पट! याचं एक कारण शरीराचं आहे. गुदद्वाराच्या आतलं अस्तर नाजूक असतं, तिथून विषाणू लवकर शिरतो. पण दुसरं कारण आपण आहोत. ज्याला लपून भेटावं लागतं, त्याला घाईत भेटावं लागतं. ज्याला डॉक्टर 'लग्न कर' म्हणतात, तो पुन्हा डॉक्टरकडे जात नाही. विषाणूला कोण कुणावर प्रेम करतं हे कळत नाही. त्याला फक्त उशीर झालेला कळतो.

पार्टनरने लगेच प्रेप सुरू केली असेल असं वाटेल. नाही. तब्बल दोन महिने त्याचं ठरत नव्हतं. पैसे हा एक प्रश्न होता. गोळ्या आपल्याच देशातल्या कंपन्या बनवतात, अमेरिकेच्या मानाने कितीतरी स्वस्त, पण त्याला ती खिशातून घ्यायची होती, आणि घरून येणाऱ्या पैशांचा हिशोब द्यावा लागतो. दुसरा प्रश्न मोठा होता. गोळी घ्यायची म्हणजे 'मला धोका आहे' हे स्वतःशी कबूल करायचं. तो म्हणायचा, "मी काय रोज भेटतो का कुणाला? गोळी घेतली म्हणजे मी तसला झालो." मी म्हटलं, "हेल्मेट घालतोस ते रोज अ‍ॅक्सिडेंट करतोस म्हणून का?" तो पहिल्यांदा मोकळा हसला. मग आम्ही वहीवर हिशोब मांडला. त्याने एका छोट्या शिकवणीचं काम धरलं. महिन्याचा खर्च त्यातून निघतो.

होस्टेलच्या सरांसाठीही दोन ओळी. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. त्याच महिन्यात, १० सप्टेंबरला, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. एचआयव्ही असलेल्या विद्यार्थ्याशी शिक्षणसंस्थेत भेदभाव करता येत नाही, संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, कुणाची माहिती बाहेर सांगता येत नाही. आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. सरकारी केंद्रांत २००४ पासून औषधं मोफत मिळतात, आणि नियमित औषधाने रक्तातला विषाणू सापडेनासा झाला की संबंधांतून तो दुसऱ्याला होतही नाही.

पुढे तर रोजच्या गोळीचीही कटकट कमी होईल असं दिसतंय. लेनाकापाव्हिर नावाचं इंजेक्शन वर्षातून फक्त दोनदा घ्यायचं असतं. २०२४ मध्ये त्याच्या चाचण्यांचे निकाल आले. समलिंगी पुरुष आणि ट्रान्स व्यक्तींच्या चाचणीत इंजेक्शन घेणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांपैकी फक्त दोघांना संसर्ग झाला. जून २०२५ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली, आणि त्याचं स्वस्त रूप बनवण्याचे परवाने मिळालेल्यांत भारतीय कंपन्याही आहेत. पण मित्रांनो, इंजेक्शन कितीही भारी निघालं तरी ते मागायला माणसाला तोंड उघडावं लागणार. आणि तोंड उघडणं हे शेवटी समोर कोण बसलंय यावर असतं.

म्हणून रेक्टर सरांना एक विनंती. नोटीस बोर्डावर मेसच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी एक छोटा कागद लावू या. सिव्हिलच्या आयसीटीसीची वेळ, १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर, आणि 'बहात्तर तास' हे दोन शब्द. बस. कुणाला तरी रविवारी भिंतीकडे तोंड करून पडायची वेळ येणार नाही.

यंदाच्या गॅदरिंगला पोरांनी परत तोच आयटम मागितला. मी फक्त एचओडी सरांची नक्कल केली. वन्समोअर मिळाला नाही.

रोज रात्री साडेनऊला पार्टनरच्या मोबाइलचा अलार्म वाजतो. आता बी-कॉम्प्लेक्सची बाटली नाही, डबी टेबलावर उघडी असते. कधी तो असाइनमेंटमध्ये बुडालेला असतो, अलार्म बंद करून विसरतो. मग मी पाण्याची बाटली त्याच्या वहीवर ठेवतो. "तेलपाणी!" एवढंच म्हणतो.

— एक विद्यार्थी, अंतिम वर्ष, मेकॅनिकल