ग्वानाह्वातो : चांदीचे शहर आणि मक्याचे कोठार

मध्य मेक्सिकोतील ग्वानाह्वातो हे शहर सुमारे २००० मीटर उंचीवर, एका चिंचोळ्या दरीत वसले आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास येथे चांदी सापडली आणि जागा मिळेल तशी घरे डोंगरउतारावर चढत गेली. शेतीला सपाट जमीन नव्हती. नदी होती, पण ती पुरासाठीच प्रसिद्ध. आज तिच्या जुन्या पात्रातून शहराखालचा रस्ता जातो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस येथील ला व्हालेन्सियाना ही खाण जगातील सर्वांत समृद्ध चांदीच्या खाणींत गणली जाई. मेक्सिकोची चांदी अकापुल्को-मनिलामार्गे चीनपर्यंत पोहोचत होती. खाणकामगार बहुतांशी मजुरीवर राबत. वर खनिजाचा काही वाटा मिळे, तोही पुढे मालकांनी काढून घेतला. या थ्रेडचा विषय मात्र चांदी नव्हे, मका आहे. कारण मका खालच्या बाहीओच्या मैदानातून खेचरांच्या पाठीवर येई आणि १७८५ साली दंवाने तो उभाच्या उभा मारला. पुढील वर्ष मेक्सिकोच्या इतिहासात 'भुकेचे वर्ष' म्हणूनच ओळखले जाते.

असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून इंटेंडंट रियान्यो याने सार्वजनिक धान्यकोठार उभारले : आलोंदिगा दे ग्रानादितास. ('आलोंदिगा'चे मूळ अरबी 'फुंदुक', म्हणजे सराई.) जाड भिंती, लहान खिडक्या, किल्ल्यासारखी बांधणी. १८०९ मध्ये काम पुरे झाले.

वर्षभरातच मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने बंड पुकारले. रियान्यो हा सुसंस्कृत, एरवी लोकांना प्रिय असा अधिकारी. पण त्याने सरकारी खजिना आणि स्पॅनिश कुटुंबे कोठारात हलवली व शहर वाऱ्यावर सोडले. भुकेल्यांसाठी बांधलेल्या वास्तूचे दार भुकेल्यांनाच बंद झाले. २८ सप्टेंबर १८१० रोजी खाणकामगार बंडखोरांना का मिळाले, याचे उत्तर बरेचसे येथेच आहे. रियान्यो आरंभीच गोळी लागून पडला. पाठीवर शिळा घेऊन दार पेटवणाऱ्या पिपिला या खाणकामगाराची कथा सर्वश्रुत आहे. तिच्या खरेपणाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. दार जळाले, एवढे निश्चित. आत आश्रय घेतलेल्यांपैकी फार थोडे वाचले, आणि या कत्तलीने अनेक सुस्थित क्रिओल कुटुंबे बंडापासून कायमची दुरावली.

पुढल्या वर्षी इदाल्गो, आयेंदे, आल्दामा व हिमेनेज यांची शिरे लोखंडी पिंजऱ्यांत घालून कोठाराच्या चार कोपऱ्यांवर टांगण्यात आली. ती १८२१ पर्यंत तेथेच होती.