आप्पांनी ऐकलेली घरघर

आमच्या गाडीतून आवाज यायला लागला तो गणपतीनंतर. बेळगुंदीहून कॉलेजला निघाले, बेनकनहळ्ळी मागे पडली आणि काटा चाळिसाच्या पुढे गेला, की कुठूनतरी ‘घूंऽऽ’ सुरू व्हायचं. लांबून विमान जावं तसं. वेग कमी केला की बंद. मराठी शिकवणाऱ्या बाईने अशा वेळी जे करावं तेच मी केलं. रेडिओचा आवाज वाढवला.

आठवड्याभरात रेडिओही पुरेना. सासूबाई एकदा बाजाराला सोबत आल्या, तर गणेशपूर यायच्या आतच म्हणाल्या, “एन सप्पळरी अदु?” त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, त्यामुळे दचकल्या की आधी कानडी येते. शेवटी शहरातल्या एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या पोराने टायरवरून एकदा हात फिरवला आणि सांगून टाकलं, “मॅडम, चारी टायर बदला.” कागदावर अठरा हजारांचा आकडा लिहून दिला. हे पुण्याला असतात नोकरीला. फोनवर म्हणाले, “बदलून टाक, जिवापेक्षा जास्त आहे काय?” मीही बदलणारच होते. दसऱ्याला सगळ्यांना घेऊन निपाणीला माझ्या माहेरी जायचं होतं, आणि वाटेत तवंदीचा घाट. वळणावर गाडीला काही झालं तर, हा विचार रात्री झोपू देत नव्हता.

त्याच आठवड्यात आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. आप्पांनी उद्यमबागेत तीस वर्षं लेथ चालवला. शेजारी फाउंड्री, डोक्यावर पत्रे, कानात कापूसदेखील नाही. गेली दोन-तीन वर्षं घरात त्यांना एक गोष्ट तीनदा सांगावी लागते. मग आपण तिसऱ्यांदा सांगायचंच सोडून देतो. “काही नाही आप्पा, जेवा तुम्ही.” हे वाक्य आमच्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारलं जातं, ते मी आता मोजायला लागले आहे.

परतताना आप्पा मागच्या सीटवर. बराच वेळ गप्प होते. मग एकदम म्हणाले, “पुढचं बेरिंग वाजूलालंय.”

माझी मुलगी हसली. मोठ्याने नाही, पण हसली. “आप्पांना मी हाक मारलेली ऐकू येत नाही आणि बेअरिंग ऐकू येतं!” मीही हसले. आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं.

रात्री कपाट आवरताना त्यांच्या तपासणीचा कागद हातात आला. आलेखावर डावीकडे जाड, खर्जातले आवाज आणि उजवीकडे बारीक, उंच पट्टीतले. आप्पांची रेघ डावीकडे जवळजवळ सरळ चालते आणि पुढे, चार हजार हर्ट्झच्या आसपास, विहिरीत उतरावी तशी खाली जाते. डॉक्टरांनी दुपारी सांगितलेलं तेव्हा कुठे नीट कळलं. कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचं हे असंच होतं. उंच पट्टी आधी जाते. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘त’ हे हलके उच्चार निसटतात, शब्द अर्धे ऐकू येतात. नातीचा चिमणा आवाज तर पहिला जातो. पण खालच्या पट्टीतली घरघर शाबूत राहते, आणि आप्पांनी तर तीस वर्षं मशीनची घरघर ऐकूनच पगार आणला होता. आमच्यापैकी त्या गाडीचं बोलणं नीट ऐकू शकणारा घरात एकच माणूस होता, आणि आम्ही त्याला हसलो होतो.

रविवारी सकाळी मीच त्यांच्यासमोर जाऊन, तोंडाकडे तोंड करून म्हटलं, “आप्पा, बेअरिंग कसं ओळखायचं, दाखवा मला.”

राकसकोपच्या बाजूचा रस्ता तेव्हा रिकामा असतो. दोन्हीकडे रताळ्याचे वेल. आप्पा पुढे, शेजारी बसले. पहिली परीक्षा सोपी. वेग पन्नास झाल्यावर त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकायला लावली. इंजिन शांत झालं, घरघर तशीच. म्हणजे इंजिनाचा संबंध नाही, जे काही आहे ते चाकांबरोबर फिरतंय. मग जुना खडबडीत डांबरी तुकडा गेला आणि नवा गुळगुळीत आला. आप्पा म्हणाले, टायरचा आवाज असता तर रस्त्यागणिक बदलला असता. हा बदलत नाही. (त्या गॅरेजवाल्या पोराचंही अगदी चुकलं नव्हतं. वेडेवाकडे झिजलेले टायर असेच घुमतात. फक्त त्याने रस्त्यावर येऊन ऐकायला हवं होतं.)

तिसरी परीक्षा मला फार आवडली. पुढे-मागे कोणी नाही हे बघून गाडी हलकेच डावीकडे घ्यायची, मग हलकेच उजवीकडे. डावीकडे वळताना घरघर चढली, उजवीकडे वळताना जवळजवळ गेली. मला सुरुवातीपासून आवाज डावीकडून येतोय असं वाटत होतं, म्हणून मी लगेच म्हटलं, “डावं चाक!” आप्पांनी मान हलवली. बसमध्ये उभं असताना बस डावीकडे वळली की आपण कुठे कलंडतो? उजवीकडे. गाडीचाही भार तसाच उजव्या चाकांवर जातो, आणि आजारी बेअरिंग भार आला की ओरडतं. कान फसतात, पत्र्यातून आवाज कुठूनही कुठे जातो.

घरी आल्यावर अंगणात बाकीचं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या दोन्ही चाकांना दगड, गियर न्यूट्रल. पुढची उजवी बाजू जॅकवर उचलली आणि आप्पांनी स्टेपनी काढून गाडीच्या कडेखाली आडवी सरकवायला लावली. “जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. आणि खाली डोकं घालायचं नाही.” मग चाकाला वर आणि खाली धरून हलवून पाहिलं. हललं नाही. मला वाटलं, सुटलो! पण ढिलाई शेवटी येते म्हणे, आवाज खूप आधी. वर-खाली धरून चाक खुळखुळलं तर काम पुष्कळ पुढे गेलेलं असतं. मग ब्रेकची डिस्कही त्याच्याबरोबर डुगडुगते, आणि बेअरिंग तापून जाम झालं की पुढचं बोलायला नको.

शेवटी त्यांनी माझा हात चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायला सांगितलं. “ऐकू नकोस. बोटांनी बघ.”

दळताना जात्यात बारीक खडा आल्यावर खुंट्याला जाणवतं ना, तसं. खर्र, खर्र, खर्र. डावं चाक उचलून तसंच पाहिलं. तिथे काही नाही, नुसतं लोण्यासारखं.

आप्पांनी मग पाटीवर चित्र काढून दाखवलं. एक आतली कडी, एक बाहेरची, मध्ये छर्रे, छर्ऱ्यांना जागेवर ठेवणारी जाळी, आत ग्रीस आणि दोन्ही बाजूंनी सील. पावसाळ्यातल्या खड्ड्याचा दणका बसतो, सीलमधून पाणी-माती शिरते, कडीवर बारीकसा टवका उडतो. त्या खळग्यावरून प्रत्येक छर्रा जाताना एक ठोका. वेगात ते ठोके मिसळले की आपली ‘घूंऽऽ’.

ही जमीन तशी या विद्येला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये धंदा सुरू केला तो बेळगावात, सायकलींचा. माणूस याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, घरी मराठी आणि आजूबाजूला कानडी. आप्पाही सायकलचा हब उघडूनच शिकलेले. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला स्वेन विंगक्विस्ट नावाचा कापडगिरणीतला इंजिनिअर होता. गिरणीखालची चिकणमाती सरकायची, शाफ्ट वाकडे व्हायचे, बेअरिंगं जायची. त्याला कंटाळून त्याने 1907 मध्ये स्वतःला सावरून घेणारं बेअरिंग काढलं आणि एसकेएफ कंपनी उभी राहिली. हे मी आप्पांना वाचून दाखवलं, समोर बसून, सावकाश. “मातीमुळे म्हण की,” एवढंच म्हणाले, पण खूश झाले.

बदलणं मात्र घरचं काम नाही. हे बेअरिंग प्रेसने दाबून बसवावं लागतं. हातोडीने ठोकलं की मार छर्ऱ्यांवरून कडीवर जातो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी घुमायला लागतं. म्हणून आप्पा स्वतः सोबत आले आणि गाडीतून उतरायच्या आधी मेकॅनिकला विचारलं, “प्रेस ऐतिल्लो?” तो हसला. “ऐत्री, काका.” एका दिवसाचं काम. खर्च टायरांच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी.

जुनं बेअरिंग आप्पांनी मागून घेतलं. मेकॅनिकने ते सोडवून दिलं. कडीवर मसुराच्या डाळीएवढा खळगा. आप्पांनी त्यावरून नख फिरवलं, मग माझ्या मुलीचं बोट धरून फिरवलं. ती हसली नाही.

खंडेनवमीला व्हर्नियर, जुना मायक्रोमीटर आणि माझं पेन यांच्याबरोबर ती कडीही पाटावर मांडली होती, हळदकुंकू लावून. दुसऱ्या दिवशी निपाणीला निघालो. हायवेला गाडीत इतकी शांतता, की सासूबाई संकेश्वरच्या आधीच झोपल्या. तवंदीच्या वळणावर मुलगी सीटवरून पूर्ण मागे वळली आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, “आप्पा, आता कसं वाजतंय?”

आप्पांनी जरा वेळ ऐकलं.

“हे बरं आहे,” म्हणाले. “मागचं डावं दिवाळीनंतर एकदा उचलून बघूया.”